‘गेट म्हणजे मिळणे, बाकी सगळं आपोआप’: चिनी इंटरनेटवरच्या एका लाडक्या दाव्याबद्दल

शाओहोंगशू आणि दोउयिन या चिनी सोशल मीडिया ॲप्सवर इंग्रजी शिकवणाऱ्या चिनी लोकांचा एक जुना माल आहे, दर थोड्या दिवसांनी नव्या थंबनेलसकट फिरत असतो. त्यात इंग्रजीतल्या ‘गेट’ला (get) ‘वान्नंग’ क्रियापद म्हणतात, म्हणजे सर्वशक्तिमान. दावा साधारण असा: गेट म्हणजे ‘तऽताओ’, मिळवणे. हा एक अर्थ पक्का करा, बाकीचे त्यातूनच निघतात. बोलताना कुठलंही क्रियापद अडलं की गेट टाका, गोरे लोकही तेच करतात. पॅसिव्हसाठी चिनीतल्या ‘पेइ’च्या जागी गेट ठेवा. आणि परीक्षेत लिहिताना मात्र गेटला हातही लावू नका. (पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी रोमन अक्षरांत लिहायच्या पद्धतीत, डी आणि बी लिहितात पण कानाला आपले त आणि प येतात, म्हणून मी तसंच लिहितेय, भांडू नका.)

मी चिनी लोकांना ऑनलाइन इंग्रजी शिकवते. मोठ्या माणसांना, कारण शाळकरी मुलांना परदेशात बसून शिकवायचं काम २०२१च्या नियमांनी बंदच झालं. आणि हा दावा डोक्यात घेऊन आलेली माणसं मला निस्तरावी लागतात, म्हणून एकेक मुद्दा घेतेच.

पहिला, मूळ अर्थ मिळवणे. इथपर्यंत बरोबर आहे, नाकारत नाही. शब्द व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला आणि तिथेही अर्थ मिळवणे असाच होता. पण ‘इट्स गेटिंग कोल्ड’मध्ये कोणाला काय मिळालं सांगा बरं? चिनी माणूस तिथे ‘थ्येन लंग लऽ’ म्हणतो, शेवटचा तो ‘लऽ’ म्हणजे स्थिती बदलली, आपण ‘गार झालं’ म्हणतो त्यातलं ‘झालं’. म्हणजे त्याच्याकडे हा अर्थ आधीपासून आहे, फक्त तो ‘तऽताओ’च्या कप्प्यात नाहीये, आणि पोस्टवाला त्याला चुकीचा कप्पा उघडायला लावतो. ‘गेट होम’मध्ये गेट म्हणजे पोचणे, चिनीत नुसता ‘ताओ’. अर्थ गेटच्या पोटात शोधून सापडत नाही हो, गेटच्या पुढे काय बसलंय ते बघावं लागतं. पुढे वस्तू असेल तर मिळणं, आणणं, विकत घेणं. पुढे विशेषण असेल तर होणं. जागा असेल तर पोचणं. माणूस आणि मग ‘टू’ आलं तर करायला लावणं. एवढं सांगितलं की निम्म्या चुका जातात, पण याची रील होत नाही.

त्यात भर म्हणजे चिनी तरुण आता चिनी बोलतानाच गेट वापरतात. ‘गेट ताओ लऽ’ म्हणजे समजलं, मुद्दा पकडला, आणि ‘गेट पू ताओ’ म्हणजे काही झेपलं नाही. मस्त आहे, पण तो चिनी शब्द झाला, त्याच्या भरवशावर इंग्रजी वाक्य उभं करू नका.

दुसरा मुद्दा, कुठेही टाका चालतं. नाही चालत. चिनीत ‘शांग छऽ’ म्हणजे गाडीत बसणे किंवा चढणे, मग ती टॅक्सी असो नाहीतर बस. इंग्रजीत टॅक्सीत गेट इन आणि बसमध्ये गेट ऑन. ढोबळ खूण अशी की आत उभं राहून चालता येत असेल तर ऑन. आता ‘वान्नंग’वाल्याचं ऐकून नुसतं ‘आय गॉट अ कार’ म्हणालात तर ऑफिसातले अभिनंदन करतील आणि पार्टी मागतील. तसंच ‘गेट मॅरिड विथ’. चिनीत ‘कन’ अमुक ‘च्येहुन’, म्हणजे अमुकशी लग्न, त्यामुळे विथ येतोच. यात मी त्यांना हसत नाही, आपल्याकडेही ‘त्याच्याशी’ डोक्यात असल्यामुळे मॅरिड विथ सर्रास ऐकू येतं. टू पाहिजे तिथे.

पण खरी गंमत करायला लावण्याच्या गेटमध्ये आहे आणि नेमकं त्याबद्दल या पोस्टी एक ओळ लिहून पुढे पळतात, ‘गेट म्हणजे रांग’. आता चिनी ‘रांग’ हा फार ऐसपैस शब्द आहे, त्यात सांगणं, लावणं, परवानगी देणं सगळं बसतं. म्हणून तर ‘माय मदर लेट मी डू होमवर्क’ असलं वाक्य ऐकायला मिळतं, जणू पोरगं अभ्यासासाठी हट्ट करत होतं आणि आईने शेवटी मोठ्या मनाने जा कर म्हटलं! बरं, लेट काढून गेट घातला की झालं का? तर नाही. चिनीत ‘मी त्याला रांग केलं यायला, तो आला नाही’ हे वाक्य अगदी सरळ आहे, कारण रांगमध्ये मी सांगितलं एवढंच पक्कं आहे, त्याने ऐकलं की नाही ते नंतरचं. इंग्रजीत ‘आय गॉट हिम टू कम’ म्हटलं की तो आलेला आहे, विषय संपला. शिवाय थोडी मनधरणी केली, मागे लागले, ही छटा त्यात येते. माझ्या एका विद्यार्थ्याने क्लायंटला लिहिलं होतं की आय गॉट द फॅक्टरी टू चेंज द डिझाइन. त्याला म्हणायचं होतं की मी फॅक्टरीला सांगितलंय. क्लायंटने वाचलं की बदल झालाय. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. तिथे आस्क्ड पाहिजे होतं, साधं, सरळ.

केस कापण्याचं थोडक्यात: चिनी माणूस ‘मी केस कापले’ म्हणतो, आपणही म्हणतो, न्हाव्याचा उल्लेख दोघंही करत नाही. इंग्रजीत ‘गॉट माय हेअर कट’, नाहीतर तुम्हीच आरशासमोर कात्री घेऊन बसलात असं वाटेल.

पॅसिव्हचा मुद्दा मात्र अर्धा बरोबर आहे. ‘पेइ’ मुळात वाईट घडलेल्या गोष्टींचा, मार बसला, चोरी झाली, फसवलं गेलं, आणि इंग्रजीतला गेट-पॅसिव्हही बऱ्याचदा असाच: माय फोन गॉट स्टोलन, ही गॉट फायर्ड. प्रमोशनही गेटने होतं म्हणा, आणि ‘पेइ’ही आता निवडून येण्यासारख्या चांगल्या गोष्टींना लागतो. पण दोन ठिकाणी ही जोडी फुटते. एक म्हणजे ‘पेइ’ वर्तमानपत्रात, कोर्टाच्या निकालात कुठेही शोभतो, गेट-पॅसिव्ह मात्र बोलण्यातला, कराराच्या कागदात लिहिलात तर चपला घालून देवघरात शिरल्यासारखं दिसतं. दुसरं म्हणजे माहीत असणं, समजलेलं असणं अशा क्रियापदांना तो लागतच नाही, ‘द आन्सर गॉट नोन’ कोणी म्हणत नाही.

गोरे लोक फक्त गेटच वापरतात हा मुद्दा सोडून देते, कुठलंही इंग्रजी वर्तमानपत्र उघडा.

राहिलं लिहिताना एकदाही नको. हे कोचिंग क्लासवाल्यांचं खूळ. काओखाओमध्ये, म्हणजे चीनच्या कॉलेज प्रवेश परीक्षेत, बहुतेक प्रांतांत एकूण ७५० पैकी इंग्रजीला १५० मार्क असतात, त्यामुळे भीती समजू शकते, आणि रिपोर्टमध्ये किंवा आयेल्ट्सच्या निबंधात गेट जपून वापरा हेही ठीक. पण काओखाओच्या पेपरात बऱ्याचदा काय लिहायचं असतं, तर ‘समज तू ली ह्वा आहेस’ आणि परदेशी मित्राला पत्र लिही. अख्ख्या देशाला माहीत असलेला हा बिचारा ली ह्वा कधी निमंत्रण देतो, कधी माफी मागतो, आणि गेटवर बंदी घातल्यामुळे मित्राला कळवतो की ‘आय ऑब्टेन्ड युअर ईमेल’ आणि ‘आय ॲक्वायर्ड अ कोल्ड’. मित्राच्या पत्रात गॉट लिहा हो, बिनधास्त लिहा.