'प्रत्येक मूल आपल्या गतीने शिकते', फक्त आमच्या शाळेत नको

साताऱ्यातील एका शाळेच्या माहितीपत्रकावर 'प्रत्येक मूल आपल्या गतीने शिकते' असे ठळक अक्षरांत छापलेले आहे, आणि त्याच शाळेने काल आमच्या सहा वर्षांच्या मुलीला पहिलीच्या प्रवेशासाठी घड्याळ लावून शंभरपर्यंत अंक लिहायला बसवले. आमची कन्या चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करून मोजते. तिने बाईंना विचारले, "चिंचोके कुठे आहेत?" बाईंनी उत्तरादाखल पेन्सिलीने कागदावर टकटक केले आणि वेळ संपताच, मुलगी समोर उभी असताना, आम्हाला सांगितले, "ही जरा स्लो आहे, घरी तयारी करून घ्या." तयारी घरीच करून घ्यायची असेल, तर शाळेने केवळ बूट-मोजे विकावेत, तेही ठरलेल्या दुकानातूनच घ्यावे लागतात, हा भाग निराळा.

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 13 नुसार प्रवेशासाठी मुलाची अथवा पालकांची चाळणी लावता येत नाही आणि पहिल्याच वेळी 25 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे मी निदर्शनास आणून दिले. त्यावर, "ही परीक्षा नाही, इंटरॅक्शन आहे," असे सांगून त्यांनी आमचे शिक्षण विचारले, पगार विचारला, आणि घरी मराठी बोलतो हे ऐकून तोंड आंबट केले. उसाच्या फडाला लागून इमारत, नावात मात्र 'इंटरनॅशनल'!

वास्तविक मी अत्यंत मुद्देसूद बोलणार होतो. प्रत्यक्षात टेबलावरील प्लास्टिकच्या फुलांवरून मोठ्याने भांडलो. कलम 13 मध्ये फुलांविषयीही तरतूद आहे का, असे पत्नीने जिना उतरताना विचारले.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली याच जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे 'कमवा आणि शिका' म्हणत हाताच्या कामाला शिक्षणात मान दिला. त्यांच्या साताऱ्यात आज हाताने मोजणारे मूल मंद ठरते. मुलांच्या कलाने शिकवणारी, डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी उभी केलेली शाळा जिल्ह्यातच आहे, परंतु ती फलटणला, आणि पहिलीतल्या मुलीला रोज एसटीने तिकडे कोण धाडणार?

आज सकाळी त्याच शाळेतून दूरध्वनी आला. मुलीचा प्रवेश होऊ शकेल, मात्र इमारत निधीला 'स्वेच्छेने' काही द्यावे लागेल. स्वेच्छेने म्हणजे किती, तेही त्यांनीच सांगितले.