ओक्स एम्सने लाच दिली का?

वकील : मी तर म्हणतो, एम्सने लाच दिलीच नाही. मॅसॅच्युसेट्सचा फावड्यांचा कारखानदार, 1863 पासून अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत. सहकारी खासदारांना त्याने क्रेडिट मोबिलिए या रेल्वे बांधणाऱ्या कंपनीचे शेअर दर्शनी किमतीला विकले. विक्रीला लाच कशी म्हणणार?

सीए : विकले? मग पैसे कुणी मोजले? त्यातल्याच खासदार गारफिल्डचा हिशेब चौकशी समितीने मांडलाय. 10 शेअर, 1000 डॉलर. खिशातून छदाम नाही. 80 टक्के लाभांश रोख्यांत आला, एम्सने ते 97 च्या भावाने विकले : 776. नंतर 60 टक्के रोख : 600. झाले 1376. त्यातून मुद्दल नि व्याज वजा जाता 329 उरले. शेअरने स्वतःचीच किंमत फेडली, वर शिल्लक!

मास्तर : गारफिल्ड म्हणाला, आपण 300 उसने घेतले होते. पुढे राष्ट्राध्यक्षही झाला, म्हणजे बघा.

वकील : पण ही दुसरी कंपनी मुळात काढावी का लागली? युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचे शेअर पूर्ण दर्शनी किमतीलाच विकायचे, अशी कायद्याची अट. त्या भावात घेणार कोण?

सीए : म्हणून तर चक्र फिरवलं. रेल्वेने बांधकामाचा चेक क्रेडिट मोबिलिएला द्यायचा, तिने त्याच पैशात रेल्वेचे शेअर पूर्ण किमतीला घ्यायचे आणि बाजारात पडेल भावाने फुंकायचे. कागदावर कायदा पाळला गेला. तोटा कंत्राटाच्या फुगवलेल्या दरात आधीच वसूल. दोन्ही कंपन्यांत कंत्राट देणारे नि घेणारे तेच. 1867 चं 667 मैलांचं कंत्राट तर खुद्द एम्सच्या नावावर होतं, सुमारे 4 कोटी 79 लाख डॉलरचं! वर सरकारी रोखे होतेच : सपाटीला मैलामागे 16,000, डोंगरात 48,000.

वकील : रेल्वे 1869 मध्ये पूर्ण झाली की नाही?

सीए : झाली, कर्जात बुडून.

मास्तर : फुटलं मात्र भागीदाराच्या भांडणातून. मॅकोम्बने शेअरसाठी दावा लावला, त्यात एम्सचीच पत्रं बाहेर आली. 1872 च्या निवडणुकीच्या धामधुमीत 'न्यूयॉर्क सन' या वर्तमानपत्राने छापली. समितीने हकालपट्टी सुचवली. सभागृहाने 182 विरुद्ध 36 मतांनी नुसता निषेध केला. दोन-अडीच महिन्यांत गडी वारला. शेअर घेणारे बहुतेक सुटले, हे मात्र मला खटकतं.

वकील : आणि 1883 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने त्याला निर्दोष ठरवणारा ठराव केला, तो विसरलात!

सीए : तेव्हा त्या राज्याचा उपगव्हर्नर कोण होता? ऑलिव्हर एम्स. ओक्सचा मुलगा.