चित्रात वेळ वाया जातो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. मुलांना चित्रांतून गणित शिकवावं असं मी लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं असं की चित्रं काढत बसण्यात मुलांचा वेळ जातो, पाढे कच्चेच राहतात, आणि चित्रात 'दिसतं' म्हणून ते खरं मानायची सवय लागते. यातलं काही मला पटतंच. उत्तर ७ आलं की चौकोन निळा रंगवा, अशा वर्कशीटमधे गणित आधीच संपलेलं असतं, रंग नुसता वरून फासायचा. ते मी पण करून घेत नाही.

मी बोलत होतो ते वेगळं. वर्तुळावर सारख्या अंतराने १२ ठिपके द्यायचे आणि ठराविक उड्या मारत रेघांनी जोडत जायचं. दोनच्या उडीने षटकोन, तीनने चौकोन, चारने त्रिकोण, आणि पाचने एकदम बारा टोकांची चांदणी, एकही ठिपका सुटत नाही! माझ्याकडे येणारी एक चौथीतली मुलगी लगेच म्हणाली, पाच विषम आहे ना म्हणून. मी नुसतं तिच्या चौकोनाकडे बोट दाखवलं, तर तीच म्हणाली, अरे तीन पण विषमच की. मग म्हणाली १२ ला पाचने भाग जात नाही म्हणून. म्हटलं आठनेही जात नाही, काढून बघ. काढलं तर परत तोच त्रिकोण. बराच वेळ गप्प बसली कागद फिरवत, आणि मग हळूच, "आठमधे पण चार आहे आणि बारामधे पण."

हा मसावि आहे हो, म्हणजे दोन्ही संख्यांना भाग जाणारी सगळ्यात मोठी संख्या, तिने तो शब्द ऐकायच्या आधी स्वतः गाठलेला.

आणि पाढे हवेतच, त्यात वादच नाही. आठ, सोळा, चोवीस, म्हणजे बरोबर दोन फेऱ्या, हे तिला पाढा येत होता म्हणूनच झटकन कळलं.

'दिसतं' म्हणून खरं, या मुद्द्याला मात्र माझा अनुभव उलटा आहे. सारख्या बाजूंचे आणि सारख्या कोनांचे पंचकोन कापून एका बिंदूभोवती लावले की तीन बसतात आणि फट राहते, मुलांना वाटतं आपलीच कात्री चुकली, मग परत कापतात, परत फट. शेवटी कोन मोजायलाच लागतात, १०८ चे तीन म्हणजे ३२४, उरले ३६ अंश, तेव्हा कुठे पटतं की कात्रीचा दोष नाही.

एकदा मुलांबरोबर १० ठिपके घेऊन पाचच्या उडीने बघा, काय येईल ते आधी त्यांनाच सांगू दे. काय म्हणाले ते नक्की कळवा, वाट बघतोय.