एल्गसाहेबाची भेट

आमच्या खापरपणजोबांनी १८७७च्या दुष्काळात एल्गसाहेबाचा जीव वाचवला आणि साहेबाने खूश होऊन कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून दिलं, हे आमच्या घरात रामरक्षेइतकं पाठ. जीव कशापासून वाचवला ते मात्र बदलत गेलं. माझ्या लहानपणी तरस होतं. मी दहावीला जाईपर्यंत त्याचा वाघ झाला. पुरावा म्हणून चक्रीवर साहेबाची आद्याक्षरं होतीच : ई, एल, जी. शिवाय वरच्या पट्टीवर ठळक कोरलेलं 'ब्रिटिश बुलडॉग'.

वाईचा वाडा विकायला निघाला आणि माळ्यावरच्या पेटीतून ते बाहेर आलं. "ह्याची किंमत ठरल्याशिवाय मी वाटणीपत्रावर सही करायची नाही," आत्याने जाहीर केलं. काम माझ्याकडे आलं, कारण मी बँकेत होतो. बँकेत मी पासबुकं छापायचो, पण ते कोण बघतो!

आधी पोलीस ठाणं. रिव्हॉल्व्हर न्यायला शोभेशी पिशवी कुठल्याच घरात नसते. जुन्या धोतरात गुंडाळून 'शुभविवाह' छापलेल्या पिशवीत घातलं.

"काय आणलंय?" ठाणे अंमलदारांनी विचारलं.

"रिव्हॉल्व्हर."

सरकारी खुर्च्या इतक्या चपळ असतात हे मला माहीत नव्हतं. पुढची दहा मिनिटं मी हात वर करून "साहेब, चालत नाही हो ते" एवढंच म्हणत होतो.

मग चहा आला आणि कायदाही. शस्त्र कायदा १९५९, कलम ४५ : कालबाह्य, जुनाट हत्यार दुरुस्त करूनही चालण्याजोगं नसेल तर परवान्यातून सुटका. चालत असेल तर परवाना दाखवा. म्हणजे किंमत यायची तर ते चालू हवं आणि मी घरी जायचा तर बंद हवं! वडिलोपार्जित वस्तू कायमची कामातून गेलेली निघो म्हणून मी तिथल्या तिथे ढोल्या गणपतीला नारळ बोललो.

तपासायला मुख्यालयाच्या शस्त्रागारातले हवालदार होते. निवृत्तीला दोन महिने राहिलेले, जन्मभर जप्तीचा माल पाहिलेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंग लावलं. पाच गोळ्यांची चक्री फिरेना. घोड्याचं टोक तुटलेलं, नळी आतून गंजाने खाल्लेली.

"मेलेलं आहे," ते म्हणाले. मी गणपतीला मनातल्या मनात हात जोडले.

"आणि हे बघा. लंबगोल शिक्का, आत ई-एल-जी, खाली चांदणी, वर मुकुट. ही बेल्जियमच्या लीज गावातल्या चाचणीघराची खूण. बार काढताना हत्यार फुटत नाही ना, ते तपासून मारतात. इंग्लंडच्या वेब्लीने १८७२ साली बुलडॉग काढलं, लीजवाल्यांनी त्याच्या स्वस्तातल्या नकला ढिगाने काढल्या. मुकुट तर १८९३ पासूनचा."

"पण साहेबाने १८७७ला दिलंय!"

"मग साहेब सोळा वर्षं पुढे जाऊन घेऊन आला असेल," हवालदार शांतपणे म्हणाले.

"किंमत?"

"अर्धा किलो लोखंड धरा. पण भंगारवाला बघूनच पळून जाईल."

घरी आत्या तांदूळ निवडत होती. शिक्का, मुकुट, नक्कल, सगळं सांगितलं. तिने दोन खडे बाजूला काढले.

"म्हणजे एल्गसाहेब बेल्जियमचा होता तर," ती म्हणाली. "तरीच! इंग्रज कुठला एवढा दिलदार असायला?"