बंदी फर्नेस ऑइलवर नाही, गंधकावर मर्यादा आहे

‘१ जानेवारी २०२० पासून जहाजांना फर्नेस ऑइल जाळायला जगभर बंदी आहे, तरी सर्रास जाळतात. धूर बघा!’ असा मेसेज फिरतोय. त्यातली तारीख बरोबर, बाकी गफलत.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या मार्पोल (जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणाऱ्या) कराराच्या सहाव्या परिशिष्टानुसार त्या दिवशी इंधनातल्या गंधकाची कमाल मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यांवर आली. तेलाच्या प्रकारावर ही बंदी नाही. तापवल्याशिवाय पंपातून न सरकणारं काळं, जाड फर्नेस ऑइलही गंधकाच्या मर्यादेत असेल तर चालतं. शिवाय जहाजावर स्क्रबर, म्हणजे धूर पाण्याने धुणारी यंत्रणा असेल, तर जास्त गंधकाचं तेलही नियमात बसतं. (ते धुण्याचं पाणी समुद्रात सोडण्यावर टीका होते, ती मात्र रास्त आहे.) स्क्रबर नसेल तर १ मार्च २०२० पासून असं तेल वापरासाठी टाकीत बाळगणंसुद्धा नियमभंग ठरतं. टँकरमधून माल म्हणून नेलं तर गोष्ट वेगळी.

नियम सगळीकडे एकच, हेही खरं नाही. बाल्टिक आणि उत्तर समुद्रात २०१५ पासून मर्यादा ०.१० टक्के आहे. १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रातही तीच. अशा क्षेत्रात शिरण्याआधी तेल बदलून त्याची वेळ नि ठिकाण लॉगबुकात नोंदवावं लागतं.

राहिला धूर. काळा रंग काजळीचा असतो. गंधक जळून होणारा सल्फर डायऑक्साइड वायू डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून धुरावरून गंधक कळत नाही. तपासनीस आधी मागतो ती बंकर डिलिव्हरी नोट, म्हणजे जहाजात इंधन भरताना मिळणारी पावती. तिच्यावर गंधकाचं प्रमाण लिहिलेलं असतं आणि ती ३ वर्षं जपून ठेवावी लागते.