‘बाईने देहाने लिहावं’ एवढंच ते नव्हतं

फ्रेंच स्त्रीवादी लेखनाचा विषय निघाला की एक विधान हमखास ऐकू येतं: ‘त्यांचं म्हणणं, बाईची भाषा जन्मतःच वेगळी. बाईने देहाने लिहावं. आणि सांगण्यासारखं फारसं नसलं की व्याकरण मोडायचं, म्हणजे प्रयोग होतो.’ तीन वाक्यं, तीन चुका. दुसरीला निदान थोडा आधार तरी आहे.

फ्रेंच लेखिका एलेन सिक्सू यांचा ‘मेदुसाचं हसू’ हा निबंध १९७५चा. स्वतःच्या देहाला लेखनात येऊ दे, असं त्यात बाईला बजावलंय, आईच्या दुधाची पांढरी शाईसुद्धा त्यातलीच. पण अशा लेखनाची व्याख्या करता येणार नाही, हेही तिथेच लिहिलंय. आणि तळटीप कोण वाचतो? फ्रेंचमध्ये असं लेखन कुणात दिसलं ते सांगताना कोलेत आणि मार्गरित द्युरास यांच्या शेजारी त्यांनी ज्यां जने यांचं नाव घेतलंय. जने पुरुष. मग जन्माचा मुद्दा राहतो कुठे?

‘त्यांचं म्हणणं’ हेही गोलमाल आहे. त्या सगळ्या एका सुरात बोलत नव्हत्या. १९७० साली पॅरिसच्या विजयकमानीपाशी अज्ञात सैनिकाच्या त्याहून अज्ञात बायकोसाठी पुष्पचक्र घेऊन गेलेल्यांत लेखिका मोनिक वितिग होत्या. सिक्सू सांगतात तशा लेखनाला मिळालेला ‘स्त्रीलेखन’ हा शब्दच त्यांना मान्य नव्हता. ‘बाई’ हा निसर्गाने नव्हे, समाजाने पाडलेला वर्ग आहे, असं त्यांचं म्हणणं. सिक्सू आणि वितिग यांना एका पोत्यात भरायचं, तर पोतं फाटेल.

राहिला व्याकरणाचा मुद्दा. खरी गंमत इथे आहे.

फ्रेंचमध्ये शंभर बायकांत एक पुरुष आला की सर्वनाम पुल्लिंगी होतं, ‘इल’. पुल्लिंग स्त्रीलिंगावर मात करतं, हा नियम तिथे शाळेत घोकवला जायचा. आपल्याकडे ‘ती सगळी आली’ म्हणून नपुंसकलिंगाच्या आडोशाला जाता येतं, फ्रेंचला तो आडोसा नाही. वितिग यांनी १९६९च्या ‘ले गेरियेर’ या कादंबरीत ‘एल’, म्हणजे ‘त्या’, हेच मुख्य पात्र केलं. त्या म्हणतात, त्या लढतात, त्या हसतात. ‘कोणत्या बायका?’ हा प्रश्नच मावळावा आणि ‘त्या’ म्हणजे अवघी माणसं व्हावीत, हा बेत. इंग्रजी अनुवादकाने तिथे ‘द विमेन’ लिहिलं आणि सगळा बेत बारगळला. जगाला बायकी करायचं नव्हतं, भाषेतली लिंगाची विभागणीच निकाली काढायची होती, असं पुढे वितिग यांनी स्वतः स्पष्ट केलं. वेगळ्या बायकी भाषेच्या हे अगदी उलट.

दुसरं उदाहरण आन गारेता यांच्या १९८६च्या ‘स्फिंक्स’ कादंबरीचं. प्रेमकथा आहे, पण निवेदक आणि त्याची किंवा तिची प्रिय व्यक्ती ए*, दोघांचंही लिंग शेवटपर्यंत कळत नाही. (बघा, मला एका वाक्यातही ते जमलं नाही.) ‘मी गेलो’साठी बोलीतला नेहमीचा भूतकाळ वापरला तर लिहिताना लिंग उघडं पडतं, म्हणून तिथे साहित्यिक, जुन्या वळणाचा भूतकाळ येतो. ‘त्याचा हात, तिचा हात’ ही अडचण फ्रेंचमध्ये नाही, कारण तिथे ‘सों’ की ‘सा’ (त्याचा किंवा तिचा) हे हाताच्या लिंगाप्रमाणे ठरतं, हात कुणाचा याच्याशी देणंघेणं नाही.

हौस म्हणून त्या धर्तीवर मराठीत काही वाक्यं रचून पाहिली. ‘मी पाहिलं’, ‘मी वाचलं’, ‘मी येईन’ बिनबोभाट पार पडतात. ‘मी आलो’ला ‘मला यायला उशीर झाला’ चालून जातं. ‘त्याचा-तिचा’ मात्र पिच्छा सोडत नाही, दर वेळी ‘ए*चा हात’, ‘ए*चा खांदा’ करत बसावं लागतं. पुढे एका वाक्यात ‘थकलो’ आडवं आलं. तिथे ‘थकवा आला’ लिहिलं.