चाळीस दिवसांचं पर्शियन

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज दोनदा फिरून आला: 'पर्शियन पिल्लू घ्यायचं तर चाळीस दिवसांचंच घ्या, लगेच लळा लागतो. चेहरा जितका चपटा तितकी जात अस्सल. मांजर घरातच राहणार, लशी कशाला? आणि ब्रीडर नुसत्या कागदाचे पैसे घेतात.' खाली अंगठ्यांची रांग. म्हणून लिहितेय.

आधी लळा. पिल्लाला माणसांची सवय लागते ती साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात, म्हणजे ते आईजवळ असतानाच. ते पिंजऱ्यात वाढतंय की मिक्सरचा आवाज आणि पोरांचा गोंधळ ऐकत घरात, हे जाऊन बघायचं असतं. किती जोरात चावलं की खेळ मोडतो, हे त्याला भावंडं शिकवतात, आपण नाही. आठ आठवड्यांखालचं पिल्लू दुकानात विकायला 2018 च्या पेट शॉप नियमांनी बंदी आहे. चांगले ब्रीडर तर बारा-तेरा आठवडे थांबवतात. थांबायला लावलं म्हणून गिऱ्हाइकं चिडतात, तो भाग वेगळा.

चपटा चेहरा हा विक्रेत्यांचा खेळ. डॉल, सेमी पंच, पंच ही चढत्या चपटेपणाची नावं, तसा भावही चढत जातो. वर दाट केसांचा 'ट्रिपल कोट'! जुन्या पर्शियनांना चांगलं नाक होतं. चेहरा फार दाबला गेला की अश्रूंची नळी वाकते, डोळ्यांखाली तपकिरी ओघळ येतात, श्वास घुरघुरतो.

लशींबद्दल एवढंच: पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू चपलांना चिकटून घरात येतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची. चाळिसाव्या दिवशी 'फुल व्हॅक्सिनेटेड' म्हणणाऱ्याकडे पुस्तिका मागा; बाटलीवरचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही कुठंय ते पाहा.

कागदाचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. मांजराला 'केसीआय पेपर', म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे जातीचे कागद, आहेत असं कुणी सांगितलं तर उठून यावं, ती संस्था कुत्र्यांची नोंद ठेवते. पैसे द्यावेत ते दुसऱ्या कागदाचे: पीकेडी या आनुवंशिक आजारासाठी केलेल्या आईबापांच्या डीएनए रिपोर्टचे. पीकेडीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी वाढत जातात. दोघांपैकी एकात जरी हा दोष असला, तरी प्रत्येक पिल्लाला तो मिळायची शक्यता निम्मी. तपासणीला गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की काम झालं.

आमच्या बोक्याचे आईबाप कुणी तपासले नव्हते आणि आम्हीही विचारलं नाही. सहाव्या वर्षी तो वाटीशी बसून नुसतं पाणी प्यायला लागला. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना काळ्या द्राक्षांचे घोस दिसले. विकणाऱ्याचा नंबर तोवर बंद झाला होता. त्यानं दिलेलं सर्टिफिकेट अजून फाइलमध्ये आहे, सोनेरी शिक्क्याचं. वडील: टॉम. आई: प्रिन्सेस.